खतावणीत नसलेले खाते

कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा त्याची नोंद कशी होते, हे ज्याने हिशेबनिसाच्या शेजारी बसून पाहिले असेल, त्याला ठाऊक असते की यंत्राची किंमत, ते आणण्याचे गाडीभाडे आणि ते बसविण्याची मजुरी या रकमा तर वहीत चढतातच, पण त्याच दिवसापासून त्याच्या झिजेचीही तजवीज सुरू होते. आज धडधडणारे हे यंत्र केव्हातरी मोडीत निघणार आणि त्याच्या जागी दुसरे उभे करण्याची जबाबदारी त्याच्याकडून काम घेणाऱ्यावरच राहणार, हे गृहीत धरून घसारा या नावाखाली दरसाल एक रक्कम बाजूला पडत जाते. यात कोणाला औदार्य दिसत नाही, आणि घसारा धरल्याबद्दल कोणत्याही कारखानदाराचा आजवर सत्कार झालेला नाही. त्याच फाटकातून माणूस आत येतो तेव्हा मात्र वही एवढेच विचारते, की नाव काय, रोज किती आणि हजेरी कोणत्या तारखेपासून लावायची.

हा माणूस त्या तारखेस जन्मलेला नसतो. अठरा-वीस वर्षे त्याला कोणीतरी भरविलेले असते, तापात त्याच्या उशाशी बसून रात्री काढलेल्या असतात, त्याला बोलावयास, मोजावयास, दिलेली वेळ पाळावयास शिकविलेले असते. आणि तो कामावर लागल्यानंतरही रोज संध्याकाळी थकून आलेल्या त्या देहाला दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी पुन्हा उभे करण्याचे काम कोठल्यातरी चुलीपाशी चालू असते. ज्या श्रमाने श्रमिक घडतो त्या श्रमाचे खाते आपल्या कोणत्याही खतावणीत नाही. नोकरदार कुटुंबांना मालकांनी काय साह्य करावे, आणि उद्याचा कामगारवर्ग कसा घडवावा, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळ्या सभांत, वेगवेगळ्या वक्त्यांच्या तोंडून ऐकतो. पहिल्याला कल्याण म्हणतो आणि दुसऱ्याला कौशल्यविकास. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच कर्जाचे आहेत. ते कर्ज धर्मादाय म्हणून नव्हे तर देणे म्हणून फेडले पाहिजे, आणि ज्या अर्थी ते एकट्या मालकाने काढलेले नसून सर्व मालकवर्गाने मिळून काढलेले आहे, त्या अर्थी त्याची फेडही सर्वांनी मिळूनच केली पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातून जो तरुण आला, तो गिरणीला आयता मिळाला. त्याचे बालपण कोकणातल्या भातशेतीने सोसले होते; त्याची बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावीच राहत असल्यामुळे त्यांच्या घराची तजवीज गिरणीला करावी लागत नव्हती; आणि उतारवयात तो गावी परतला की त्याच्या म्हातारपणाचा भारही त्याच गावाने उचलावयाचा होता. महिन्याच्या महिन्याला जाणारी मनिऑर्डर ही या व्यवहाराची दिसणारी बाजू होती. न दिसणारी बाजू अशी की गाव गिरणीला कितीतरी अधिक मूल्याचा ऐवज पाठवीत होते आणि त्याची पोच कोणी देत नव्हते. शहरात या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून भाकऱ्या थापीत, उधारीवर किराणा आणीत आणि गिरणीचा पगार होईपर्यंत तगादा सहन करीत. या बायकांना कर्ज आणि संघटना मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते १९७५ साली. तोपर्यंत मुंबईतली पहिली गिरणी उभी राहून शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

गिरणीत स्त्रियाही होत्या, आणि त्यांच्या बाबतीत हा हिशेब अधिक निष्ठुर झाला. तान्हे मूल घरी ठेवून दहा-दहा तास खात्यात उभे राहावयाचे, तर ते मूल दिवसभर निजून राहिले पाहिजे, म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल मुंबईच्या कामगारवस्तीत रूढ होती. आणि ही गोळी बाळागोळी अशा लाडक्या नावाने विकली जाई. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगापुढेही हा विषय आला. त्या गोळीकडे मातेचे अज्ञान म्हणून बोट दाखविणे सोपे होते, आणि त्या काळच्या पुष्कळ सुशिक्षितांनी तसे बोट दाखविलेही. पण गोळी देणारी आई जे करीत होती ते निव्वळ अज्ञान नव्हते. पाळणाघराचा जो खर्च कारखान्याने टाळला होता, तो ती आपल्या मुलाच्या मेंदूतून भरीत होती. आजचा खर्च वाचविण्यासाठी उद्याचा कामगार आजच गुंगीत ठेवावयाचा, ही अर्थव्यवस्था केवळ क्रूर नव्हती. ती व्यापारी दृष्टीनेही आतबट्ट्याची होती.

या हिशेबाला कायद्याची वाट दाखविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातील माणसांनी फार लवकर केला, याचा आपल्याला विसर पडला आहे. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिसाह्याचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. पुढे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तशाच विधेयकाची चर्चा निघाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना जी भूमिका मांडली, तिचे दोन्ही पदर आजही जसेच्या तसे उपयोगी पडतात. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांनी म्हटले. आणि त्याच वेळी, कारखानदार स्त्रियांना कामावर घेतो तो त्यात त्याला पुरुषांना घेण्यापेक्षा अधिक लाभ असतो म्हणूनच घेतो, तेव्हा तोही या दायित्वातून सर्वस्वी मोकळा होऊ शकत नाही, असेही बजावले. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा. परंतु त्यात भाषणाचा दुसराच पदर उतरला आणि पहिला राहून गेला: प्रसूतीच्या रजेचा मोबदला त्या त्या मालकाने आपल्या पदरचा द्यावयाचा, असे ठरले. पुढल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे, कामाची फेरआखणी अशी अन्य कारणेही होती हे खरे; पण जिच्या येण्याने आपल्या एकट्याच्या खर्चात भर पडते तिला मुळातच न घेणे, हा मार्ग मालकाला आपण होऊन मोकळा करून दिला गेला, हेही तितकेच खरे.

आकडा कशाचा मोजावयाचा, या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नात किती अर्थ दडलेला असतो याचे दुसरे उदाहरण पाळणाघराचे. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने, पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले, आणि १९७६ साली ती मर्यादा तिसाहून अधिक स्त्रियांवर आणली. हेतू चांगला होता, पण मोजणी स्त्रियांची होती. ज्याला पाळणाघर नको असेल त्याने हजेरीपटावर तिसावी बाई घेतल्यावर भरती थांबवावी, इतके ते सोपे होते. आणि या मोजणीच्या मुळाशी, मूल हे फक्त आईचे असते आणि पुरुष कामगार हा निपुत्रिकच कामावर येतो, अशी एक अजब समजूत होती. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक केले, आणि ती मोजणी करताना स्त्री-पुरुष हा भेद ठेवला नाही. तत्त्व म्हणून हे पाऊल मोठे आहे. पण त्याच दुरुस्तीने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि तिचा संपूर्ण बोजा पुन्हा एकट्या मालकाच्याच शिरावर ठेवला. वास्तविक कर्मचारी राज्य विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने वेगळा मार्ग आखून दिला होता. मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का असा सध्याचा भरणा एका सामाईक निधीत जातो आणि प्रसूतीचा मोबदला त्या निधीतून मिळतो, त्यामुळे अमुक कारखान्यात यंदा किती बाळंतपणे झाली याची चिंता त्या कारखानदाराला करावी लागत नाही. ही योजना महिना एकवीस हजार रुपयांच्या वेतनमर्यादेपाशी थांबते. तिच्या पलीकडची स्त्री मुलाखतीला बसते तेव्हा विचारला न जाणारा एक प्रश्न मेजावर असतोच, आणि तिच्या बोटातील नव्या अंगठीकडे एक नजर जाऊन परत येते.

मालकाने आपण होऊन कुटुंबाची काळजी वाहिल्याची उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नव्हे. जमशेदपुरात टाटांच्या पोलाद कारखान्याने १९१२ साली आठ तासांचा दिवस स्वीकारला, १९२१ साली तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि १९२८ साली, म्हणजे कायद्याच्या आधीच, प्रसूतिसाह्य सुरू केले. त्याच्याही आधी, १९१० साली, औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. आसपासच्या खेड्यांतील मुलांना हाताशी धरून त्यांतून फिटर आणि सुतार घडविले. आणि त्याच वसाहतीत १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या लहानशा पत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिक उभे राहिले. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याच्या कुशीतून महाराष्ट्राच्या घराघरांतील गृहिणींचा वाचकवर्ग निर्माण व्हावा, ही घटना योगायोगाची नाही. कामगाराच्या घराकडे ज्या उद्योजकाचे लक्ष असते, त्याला त्या घरातील माणसे वाचणारी आणि विचार करणारी असावीत याचेही अगत्य वाटते.

परंतु या आदर्शांची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्या वसाहतीत घर मालकाचे, शाळा मालकाची, दवाखाना मालकाचा आणि पाण्याचा नळही मालकाचाच असतो, तेथे नोकरी गेली की माणसाच्या पायाखालची जमीनच जाते, आणि मालकाशी मतभेद होणे हे घरच्यांना उघड्यावर आणण्यासारखे होऊन बसते. जमशेदपुरातही १९२० आणि १९२८ साली मोठे संप झाले, ते काही घरे आणि दवाखाने नव्हते म्हणून नव्हेत. मेहेरबानी कितीही मोठी असली तरी ती देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते, मालक बदलला की तिचा रंग बदलतो, आणि धंदा मंदावला की पहिली कात्री तिलाच लागते. हक्क त्या मानाने रुक्ष असतो, पण तो कामगाराबरोबर चालतो. म्हणून चांगले मालक असावेत ही इच्छा योग्यच असली तरी तिच्यावर समाजाची व्यवस्था बांधता येत नाही.

आता उद्याच्या कामगारवर्गाकडे वळू. ‘उमेदवार’ हा शब्द आज आपल्याला निवडणुकीच्या फलकांवर दिसतो. पण आपल्या आजोबांच्या पिढीत उमेदवारी करणे म्हणजे पुढे जागा मिळेल या उमेदीवर एखाद्या कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करीत काम शिकणे, असा अर्थ होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्या उमेदीला विद्यावेतनाची आणि मुदतीची चौकट दिली. आणि २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे भाग पाडले. ही चौकट पुष्कळ ठिकाणी कशी वापरली जाते, हे औद्योगिक वसाहतीतील चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहिले तरी कळते. एक तुकडी वर्षभर एकाच यंत्रापाशी एकच कळ दाबीत उभी राहते, मुदत भरली की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते आणि दुसरी तुकडी त्याच कळीपाशी येऊन उभी राहते. त्यांना उमेदवार म्हणतात खरे, पण त्यांत उमेदीचे नाव नसते. यावर कारखानदाराचे एक उत्तर असते, आणि ते खोटे नाही: मी पोराला दोन वर्षे खपून तयार करावे आणि शेजारच्या कारखान्याने त्याला चार रुपये जास्त देऊन उचलावे, तर हा उपद्व्याप मी का करावा? प्रसूतीच्या रजेबद्दल तो जे म्हणतो तेच हे आहे. दोन्ही ठिकाणी खर्च एकाचा आणि फळ सर्वांचे, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने खर्च करण्याची वाट पाहतो. ही तक्रार खर्च माफ करण्याचे कारण ठरत नाही. ती खर्च वाटून घेण्याचे कारण ठरते.

या साऱ्या विवेचनाची कसोटी ज्या ठिकाणी लागते ते ठिकाण कारखान्याच्या फाटकाबाहेर, उसाच्या फडात आहे. मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडीला निघतात, त्यांच्यात नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल नवऱ्याच्या नावावर असते, आणि अर्ध्या कोयत्याइतके किंबहुना अधिक काम करणारी बाई कोणत्याच कागदावर नसते. खाडा झाला तर रक्कम कापली जाते, मग तो खाडा तापाचा असो की बाळंतपणाचा. आणि बीड जिल्ह्यातील तोडणीवाल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला २०१९ साली समिती नेमावी लागली, इथपर्यंत ही गोष्ट गेली. दोन वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या तळावर मी पहाटे गेलो होतो. कोपीच्या तोंडाशी झोळीत तान्हे मूल होते आणि दहा-अकरा वर्षांची बहीण पायाने झोळीला झोका देत एका हाताने चुलीतले वाढे पुढे सारीत होती. तिचा बाप गाडी खाली करून आला, त्याने खिशातून वजनकाट्याची पावती काढून तिच्यापुढे धरली, आणि तिने ती मोठ्याने वाचून दाखविली: एकूण वजन इतके, गाडीचे वजा इतके, निव्वळ इतके. मग दप्तरातून वही काढून तिने तो आकडा लिहून ठेवला. वहीची पुढची पाने चौथीच्या गणितांची होती आणि ती दिवाळीपाशी थांबली होती. मागची पाने मात्र टनांच्या आकड्यांनी भरत चालली होती.

त्या पोरीने शिकलेल्या बेरीज-वजाबाकीचा उपयोग साखर कारखान्याच्या हंगामात रोज होत होता, आणि तिच्या शाळेचे दुसरे सत्र मात्र त्याच हंगामाने गिळले होते. साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, काही कागदावर राहिल्या. मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले आणि त्याच्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे आकारणी करण्याचे ठरले. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात मुकादम, कारखाना आणि शेतकरी या तिघांपैकी नेमका मालक कोण, या अनंत वादात न शिरता, ज्या टनाने सर्वांचा फायदा होतो त्या टनावरच देणे बसविण्याची कल्पना आहे.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ साली झालेल्या माथाडी कायद्याने नेमके हेच केले होते. बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या पेढीवर, दुपारी त्या गोदामात, असा त्याचा दिवस जातो, म्हणून त्याची रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, दवापाणी यांची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या रेट्याने आलेल्या या कायद्याने सरकार, मालक आणि कामगार यांचे मंडळ नेमले; प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराच्या खात्यावर जमा करावयाची, अशी रीत घातली. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, खोट्या माथाड्यांची आणि दमदाटीची ओरड झाली, ते नाकारण्याचे कारण नाही. पण पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाला जे साधले, ते संगणकापुढे बसणाऱ्या, घरोघर जेवणाचे डबे आणि पार्सले पोचविणाऱ्या आणि कंत्राटदाराच्या यादीवर असणाऱ्या माणसांना का साधू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. प्रत्येक आस्थापनेने वेतनपत्रकाच्या प्रमाणात एका सामाईक निधीत भरणा करावा. सरकारने आंबेडकरांनी सांगितलेला आपला वाटा त्यात घालावा. त्यातून मातेची आणि पित्याचीही रजा, वस्तीवस्तीतील पाळणाघर आणि उमेदवाराचे खरेखुरे शिक्षण यांचा खर्च निघावा. आणि नोकरी बदलली तरी तो हक्क माणसाबरोबर जावा. मग बाईला न घेण्यात मालकाचा फायदा उरणार नाही आणि शिकविलेला मुलगा शेजारी गेला तरी त्याचे नुकसान होणार नाही.

यावर पाच-दहा माणसांचा छोटा कारखानदार म्हणेल की मला ही तोशीस झेपणार नाही. त्याच्याच सोयीसाठी सामाईक निधी हवा, कारण एकट्याने पाळणाघर बांधणे त्याला कधीच जमणार नाही, आणि दहा कारखान्यांनी मिळून औद्योगिक वसाहतीत एक चालविणे जमू शकते. शिवाय निधी येईपर्यंतही, ज्याला खर्च लागत नाही असे पुष्कळ करता येते. पाळ्यांचे वेळापत्रक आठवडाभर आधी लावावे, म्हणजे घरी मुलाजवळ कोणी थांबावयाचे हे ठरविता येते; शाळेच्या सभेसाठी दोन तासांची सूट मागणाऱ्या बापाला मुकादमाने हसू नये; बाळंतपणाहून परतलेल्या बाईची जागा तिचीच राहील हे तिच्या रजेआधी लेखी द्यावे. या गोष्टींना पैसा लागत नाही. कामगाराला घर आहे याची आठवण लागते.

त्या तळावरून निघताना मी त्या मुलीला विचारले होते की पुढच्या वर्षी पाचवीत जाशील का. तिने झोळीकडे पाहिले आणि म्हणाली, “ह्यो चालाया लागला तर.” कारखान्याच्या दप्तरात त्या दिवशीच्या गाळपाची, उताऱ्याची आणि यंत्राच्या घसाऱ्याची नोंद नियमाप्रमाणे झाली असेल. त्या मुलाला पाय फुटण्याची जी वाट ती मुलगी पाहत होती, तिची नोंद करण्यास मात्र अजून कोणत्याही वहीत रकाना आखलेला नाही.